गच्चीवरच्या डिशपासून अण्णांच्या खोलीपर्यंत

मे महिन्यातला वळीव होता. चार वाजेपर्यंत अंगाची काहिली होत होती आणि साडेचारला आभाळ भरून आलं. गावाच्या वरच्या अंगाला कुठंतरी वीज पडली आणि आमच्या टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सचा हिरवा दिवा गेला तो गेलाच. बॉक्स जळाला याचं मला काही वाटलं नाही. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, दुसरा बॉक्स जोडून गेला. पण त्या बॉक्सच्या पाठीला एक पेनड्राइव्ह लावलेला होता आणि त्यात अण्णा होते, माझे वडील.

त्याच्या दोन वर्षं आधी शेतीच्या एका कार्यक्रमाची मंडळी हळदीवर चित्रीकरण करायला आमच्या भागात आली होती. वाई तालुक्यात हळद पूर्वीपासूनची. अण्णा सेलम जातीची लावतात. कार्यक्रमात ते तीन मिनिटं बोलले. बेणं कसं निवडायचं, कुठला गड्डा ठेवायचा, कुठला शिजवायला काढायचा, एवढंच. पण एक गड्डा हातात घेऊन त्याच्यावरची माती अंगठ्यानं पुसत ते बोलत होते आणि कॅमेरा त्या अंगठ्यावर थांबला होता. प्रसारणाच्या संध्याकाळी अर्धी आळी आमच्या सोप्यात बसली होती. मी रिमोटचं लाल बटण दाबून ते सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि निश्चिंत झालो.

नव्या बॉक्सला तोच पेनड्राइव्ह लावला, तर कार्यक्रमाचं नाव यादीत दिसायचं आणि उघडायला गेलं की ‘हे रेकॉर्डिंग चालवता येत नाही’ अशी पाटी यायची. कॉम्प्युटरला लावला, तर तो विचारायला लागला, ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का? ग्राहक सेवेच्या क्रमांकावर तीनदा बोललो. तिसऱ्या वेळी एका मुलीनं नीट समजावून सांगितलं, “सर, रेकॉर्डिंग त्याच बॉक्सपुरतं असतं.” बॉक्स जे लिहितो ते कुलूप लावून लिहितो आणि त्या कुलपाची किल्ली बॉक्सच्याच पोटात असते. बॉक्स गेला की किल्ली गेली.

अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, “जाऊ दे की. मी हाय अजून.”

त्यांनी विषय संपवला, पण माझ्या मनातून तो जाईना. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळतो. लोकांच्या पंधरा-पंधरा वर्षांच्या खातेनोंदी मी एका मशीनवरून दुसऱ्यावर नेल्या आहेत, एक ओळ हरवू दिली नाही. आणि स्वतःच्या बापाची तीन मिनिटं मी अशा जागी ठेवली होती, जिथं माझा हातच पोचत नव्हता. त्याच आठवड्यात ठरवलं की यापुढं घरात जे रेकॉर्ड होईल ते साध्या फाइलमध्ये होईल आणि ती फाइल घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल.

दुसरीही एक निकड होती. आमच्याकडं शेतीची थ्री-फेज लाइट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटर चालू करून पाणी धरायला अण्णा जातात ते कधी नऊला येतात, कधी दहाला. सातच्या बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम त्यांच्या हातून अर्धा महिना सुटायचा. घरी येतात तोवर सोप्यातल्या टीव्हीवर मालिका चालू असतात आणि त्या बंद करा असं ते कधी म्हणत नाहीत, मागच्या खोलीत जाऊन पडतात. त्या खोलीत माझा जुना डेस्कटॉप होता, मुलीच्या अभ्यासासाठी ठेवलेला. त्याच्यावर अण्णांना त्यांचे कार्यक्रम दिसले पाहिजेत, एवढंच मला करायचं होतं.

आधी सिग्नलचा विचार केला. पैसे भरून घेतलेल्या डिशचं प्रसारण कुलूपबंद असतं, ते कॉम्प्युटरला वाचता येत नाही. पण दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली, तिला महिन्याचं भाडं नाही आणि मला हव्या होत्या त्या वाहिन्या तिच्यावर बिनकुलपाच्या आहेत. ती येते जीसॅट-१५ वरून. हा आपला इस्रोचा उपग्रह, नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटनं वर गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर उभा आहे. तिथून आलेला सिग्नल आमच्या गच्चीवर रात्रंदिवस पडतच असतो. तो धरायला फक्त एक पत्र्याची थाळी लागते. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

डिश बसवायला तालुक्याच्या गावातला एक मुलगा बोलावला. तो थाळी, एलएनबी (थाळीनं गोळा केलेला सिग्नल झेलणारा भाग) आणि केबलचं भेंडोळं घेऊन आला आणि पहिला प्रश्न त्यानं विचारला, “दादा, बॉक्स कुठाय?”

मी म्हटलं, “बॉक्स नाही. केबल सरळ कॉम्प्युटरला जाणार.”

त्याचा विश्वास बसेना. तरी कामाला लागला. त्याच्याकडं होकायंत्र नव्हतं, कोनमापक नव्हतं. शेजारच्या घरांवरच्या फ्री डिशच्या थाळ्या त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिल्या आणि आमची तशीच आग्नेयेला वळवली. मी आदल्या रात्री कागदावर गणित केलं होतं. आमच्या गावाहून उपग्रह उत्तरेपासून साधारण १३१ अंशांवर दिसायला हवा आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. थाळी तर तेवढी वर बघताना दिसत नव्हती. मी हटकलं, तर तो म्हणाला, “ही थाळी दिसते खाली बघताना, पण बघते वर.” खरं होतं ते. या ऑफसेट थाळ्यांची तबकडी ती बघते त्या दिशेच्या मानानं जास्त उभी असते, कारण तिचा एलएनबी समोर मधोमध नसून खालच्या बाजूनं पुढं आलेला असतो. पुस्तकातलं मला माहीत होतं, हाताखालचं त्याला. त्यानं सिग्नलचा जोर शिट्टीनं सांगणारा सॅटफाइंडर लावला, थाळी केसभर इकडं, केसभर तिकडं केली. शिट्टीचा आवाज चढला, तसे नट आवळले. मग एलएनबी त्याच्या कड्यात हळूहळू फिरवला. त्या फिरवण्यानंही सिग्नल बराच सुधारतो, हे मी तिथं पाहिलं.

खाली येऊन केबल ट्यूनरला जोडली. ट्यूनर म्हणजे उपग्रहाचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी डबी. मी यूएसबीवर चालणारी, डीव्हीबीस्काय एस९६० नावाची, एका मित्राकडून वापरलेली घेतली होती. वरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी खुली यंत्रणा) टाकून तयार ठेवला होता. ट्यूनर लावला, पण चित्र तर सोडाच, डबीच जागी होईना. लिनक्स आपल्या नोंदीत काय लिहितं ते पाहिलं, तर तिथं स्पष्ट लिहिलेलं, फर्मवेअरची फाइल सापडली नाही. या डबीतल्या चिपला सुरू होताना तिचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम बाहेरून भरवावा लागतो. लिब्रेइलेक ही टीव्हीसारख्या वापरासाठी केलेली लिनक्सची आवृत्ती, तिच्या मंडळींनी अशा फाइलींचा संच करून ठेवलेला आहे, त्यातून ती घेऊन फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. डबी ओळखली गेली.

पुढचं पाऊल टीव्हीहेडएंड. हा फुकट मिळणारा, खुला प्रोग्रॅम आहे. ट्यूनर त्याच्या ताब्यात द्यायचा, उपग्रहाची माहिती द्यायची, मग तो वाहिन्या शोधतो, ठरल्या वेळी रेकॉर्ड करतो आणि घरातल्या दुसऱ्या मशीनला हवं ते पुरवतो. त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून, ९९८१ या पोर्टवर. मी एक फ्रीक्वेन्सी हातानं भरली, ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (म्हणजे उभी लहर), सिंबॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५००. एलएनबी त्यातून आपले ९७५० वजा करतो आणि केबलमधून १३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवतो. व्हर्टिकल हवं म्हणून ट्यूनर त्याच केबलमधून वर १३ व्होल्ट देतो, हॉरिझॉन्टल, म्हणजे आडवी लहर, हवं असतं तर १८ दिले असते. एकाच तारेतून वर वीज आणि खाली चित्र.

शोध सुरू केला. निकाल आला, काही सापडलं नाही. पुन्हा केला. पुन्हा तेच.

त्यात दोन संध्याकाळी गेल्या. ट्यूनर खराब आहे असं वाटलं, मग फर्मवेअर चुकलं असं वाटलं. तिसऱ्या संध्याकाळी टॉर्च घेऊन केबलचं खालचं टोक पाहिलं. वरचं टोक त्या मुलानं केलं होतं, त्याचा सॅटफाइंडर तिथंच लागलेला. खालचं टोक मात्र मी केलं होतं, स्वयंपाकघरातल्या सुरीनं. आरजी-६ केबलच्या मधोमध एक तार असते, तिच्याभोवती पांढरा फोम आणि फोमवर बारीक तारांची जाळी. त्या जाळीतला एक केस, अक्षरशः केसाएवढी तार, वळून मधल्या तारेला टेकली होती. त्यामुळं एलएनबीला वीजच जात नव्हती. नखानं ती तार मागं ओढली, टोक नव्यानं कापलं, जाळी नीट मागं उलटवली आणि कनेक्टर फिरवून बसवला. शोध पुन्हा लावला आणि पडद्यावर सेवांचा आकडा शून्यावरून उड्या मारत वर जायला लागला. यादीत सह्याद्रीचं नाव आलं, तेव्हा मी खोलीत एकटाच होतो आणि मोठ्यानं “आलं!” म्हणालो.

रेकॉर्डिंगसाठी कार्यक्रमपत्रिकेवर विसंबायचं नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. सिग्नलबरोबर येणाऱ्या वेळा माझ्या अनुभवात कधी मागंपुढं असतात, कधी नसतातच. त्यामुळं सरळ घड्याळ लावलं, रोज सहा पंचावन्न ते सात पस्तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली, तर बातम्यांचा पत्ता नाही, भलताच कार्यक्रम. फाइलची वेळ पाहिली तेव्हा कळलं. लिनक्स टाकताना मी मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर घेतलंच नव्हतं. ते जागतिक वेळेवर चालत होतं, म्हणून संध्याकाळचे सात त्याच्या लेखी आपल्या रात्री साडेबाराला वाजत होते. एक ओळ बदलली आणि घड्याळ जागेवर आलं.

फाइल कशी लिहिली जाते, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. उपग्रहावरून येणारा प्रवाह १८८ बाइटांच्या छोट्या छोट्या पुड्यांमध्ये बांधलेला असतो. टीव्हीहेडएंडला मी सांगितलं की तू त्यात ढवळाढवळ करू नकोस, आपल्या वाहिनीच्या पुड्या वेगळ्या काढ आणि जशाच्या तशा डिस्कवर ठेव. याचे दोन फायदे झाले. पहिला म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर भार येत नाही, चित्र नव्यानं आवळण्याचं काम त्याला करावं लागत नाही. दुसरा फायदा मला जूनमध्ये कळला. बातम्या चालू असताना लाइट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं. मी धरून चाललो होतो की ती फाइल गेली. उघडून पाहिली, तर लाइट गेली त्या क्षणापर्यंतचं सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक पुडी स्वतंत्र असल्यामुळं शेवट झाला नाही तरी आधीचं वाया जात नाही. त्या पेनड्राइव्हच्या अनुभवानंतर हे पाहून मला किती हायसं वाटलं, ते शब्दांत सांगता येणार नाही. नंतर मशीन आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. तासाभराच्या कार्यक्रमाला आमच्याकडं साधारण सव्वा जीबी लागतात. महिना झाला की रोजच्या बातम्या आपोआप पुसल्या जातात, आणि ठेवायचं असेल ते मी वेगळ्या डिस्कवर काढतो, दोन प्रतींत.

आता वरच्या खोलीतून अण्णांच्या खोलीत चित्र न्यायचं होतं. वायफाय होतंच, म्हणून आधी तसंच पाहिलं. घराचा मागचा भाग माझ्या आजोबांच्या वेळचा, काळ्या दगडाचा, भिंती दीड हात रुंद. बातमीदार बोलायला लागला की त्याच्या तोंडाचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, मग सगळं थांबायचं. अण्णा दोन मिनिटं पाहायचे आणि म्हणायचे, “वारा लागलाय का त्याला?” राउटर हलवून पाहिला, जिन्यात ठेवून पाहिला. शेवटी लॅनची केबल आणली, वळचणीखालून फिरवून कौलांजवळच्या फटीतून आत घेतली आणि दोन्ही मशीन तारेनं जोडली. त्या दिवसापासून एकदाही चित्र अडकलं नाही. जाड भिंतीच्या घरात राहणाऱ्या कुणीही वायफायवर आठवडा घालवू नये, सरळ तार ओढावी, असं माझं मत झालं आहे.

खालच्या डेस्कटॉपवर मी सुरुवातीला व्हीएलसी या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये पत्ता टाकून पाहत होतो. अण्णांना ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून कोडी हा टीव्हीसारखा पडदा देणारा प्रोग्रॅम टाकला आणि त्यात टीव्हीहेडएंडचा जोड दिला. कॉम्प्युटर लावला की थेट रेकॉर्डिंगची यादी समोर येते, वर आजची तारीख. अण्णांना चार बाणांची बटणं, मधलं गोल बटण आणि स्पेसबार एवढंच शिकवलं. स्पेसबारवर मी लाल टिकली चिकटवली.

पहिल्या रात्री ते दहाला आले, पाय धुऊन पलंगावर बसले आणि मी शेतीचा कार्यक्रम लावला. एक माणूस पाटात फावडं मारत होता. त्याचे हात हलले की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठायच्या. अण्णा म्हणाले, “हे काय रं, त्याच्या हाताला कुसळं आल्यात.” टीव्हीवर असं कधी दिसत नाही, कारण टीव्ही ते गुपचूप निस्तरतो. या प्रसारणात चित्राच्या ५७६ ओळी असतात, पण त्या एकदम येत नाहीत. आधी एक सोडून एक अशा २८८, मग मधल्या २८८, सेकंदाला पन्नास वेळा. जुन्या टीव्हीच्या काचेसाठी केलेली ती योजना. कॉम्प्युटरनं दोन्ही अर्धी एकावर एक ठेवली की मधल्या वेळात हललेला हात दोन जागी दिसतो. कोडीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस नावाची सोय आहे, ती चालू केली आणि सगळ्या वाहिन्यांसाठी कायम केली. कुसळं गेली.

जुलैत पावसानं हात दाखवला. फ्री डिश ज्या पट्ट्यात येते त्या केयू बँडची लहर तीन सेंटिमीटरपेक्षाही आखूड असते, मुसळधार पाऊस तिला वाटेतच पिऊन टाकतो. एरवी सिग्नलचा आकडा बारा-तेरा डेसिबल असतो, तो बघता बघता पाच-सहावर यायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये भोकं पडायची. पश्चिमेकडून महाबळेश्वरच्या अंगानं पाऊस आला की संध्याकाळच्या बातम्या गेल्याच म्हणून समजायचं. पुढच्या वर्षी पावसाच्या आधी थाळी बदलून ९० सेंटिमीटरची घेतली, तेव्हा पुष्कळ फरक पडला. पूर्ण नाही, पण पुष्कळ. त्याच वेळी थाळीच्या खांबाला तांब्याची तार जोडून जमिनीत अर्थिंग केलं, आणि मे महिन्यात दुपारी ढग जमले की केबल काढून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावली. एक बॉक्स जाळून शिकलो होतो, ट्यूनर जाळायचा नव्हता.

मार्चमध्ये एक मजेची गोष्ट झाली. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार दिवस ओळीनं, सकाळी अकराच्या सुमारास, आभाळ लख्ख असताना चित्र काही मिनिटं जायचं. कनेक्टर पाहिले, सगळं ठीक. चौथ्या दिवशी त्या वेळी गच्चीवर गेलो. थाळीवरून उसळलेल्या उन्हाचा कवडसा बरोबर एलएनबीच्या तोंडावर पडलेला होता. आमच्या जागेवरून पाहिलं तर सूर्य उपग्रहाच्या अगदी मागं येऊन उभा होता आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडत होता. विषुवदिनांच्या आसपास, मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हे दर वर्षी घडतं. मुलीला वर बोलावून तो कवडसा दाखवला. कुठल्याही नकाशावर दाखवली असती त्यापेक्षा उपग्रहाची जागा तिला त्या कवडशात जास्त चांगली कळली.

आणि एक एप्रिलला रेकॉर्डिंग रिकामं आलं. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, नव्या वर्षाला वाहिन्यांची मांडणी हलते. आता मी ३१ मार्चच्या रात्रीच आठवण लावून ठेवतो आणि सकाळी उठून नव्यानं शोध घेतो.

तो पेनड्राइव्ह अजून माझ्या कपाटात आहे. त्यातलं काही निघणार नाही, हे मला समजतं. तरी टाकून देववत नाही.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीचं पाणी होतं. अण्णा साडेनऊला आले. जेवून खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःच कॉम्प्युटर लावला. मी दारातून पाहत होतो. हळदीच्या करप्यावर कुणी तज्ज्ञ बोलत होते, फवारणीचं प्रमाण सांगत होते. अण्णांनी लाल टिकलीवर बोट ठेवलं. तज्ज्ञांचा हात हवेत थांबला. अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “पेन दे. आणि जरा माघारी घे, कितीला किती म्हणाला ते नीट लिवून घेतो.”